उत्तमभाऊंनी मोजलेला नाच

सकाळी साडेआठच्या सुमारास फोन वाजला. नाव दिसलं ‘उत्तमभाऊ’. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन पंधराच दिवस झाले होते, त्यामुळे चौकशीचाच फोन असणार असं धरून मी म्हटलं, “बोला उत्तमभाऊ, चालायला लागले मी आता.” पलीकडून काहीच आलं नाही. कोणीतरी श्वास घेत होतं. लांब कुठेतरी बायका एकदम बोलत होत्या. मी दोनदा हाक मारली. मग एका बाईचा आवाज आला, न वापरलेल्या दाराच्या कडीसारखा अडकत… “आबा… गया.” त्यानंतर फोन तसाच चालू राहिला, मीही तो तसाच कानाला धरून बसले.

तो आवाज रंजनाचा होता, उत्तमभाऊंच्या मुलीचा. तिला मी पंचवीसेक वर्षं ओळखते, पण तिचा आवाज मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकला. घरात नातेवाईक जमले होते, फोन करणारे पुष्कळ होते, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. वडिलांना जाग का येत नाही हे सगळ्यांना कळल्यावर तिनं उशाखालचा फोन उचलला आणि ते दाबायचे तसाच माझा नंबर दाबला, असं तिच्या काकूनं मला नंतर सांगितलं. मला अंत्ययात्रेला जाता आलं नाही. जळगावहून त्यांचं गाव म्हणजे दोन एसट्या बदलून चार तास, आणि मी काठी धरून न्हाणीपर्यंत जेमतेम पोचत होते. खिडकीशी बसून राहिले. आज जे लिहितेय त्यातलं अर्धं खरं तर तेव्हाच मनात लिहून झालं होतं. उरलेलं मला ठाऊकच नव्हतं.

शिरपूरच्या अलीकडच्या एका छोट्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. उत्तमभाऊ तिथे प्रयोगशाळेत परिचर होते. दहावी नापास. कॉलेजात लागण्याआधी सात-आठ हंगाम त्यांनी पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या कापसावर फवारणी केली होती. बोटांची नखं त्या दिवसांतच कायमची पिवळी पडली, असं ते सांगत. अंगानं किडकिडीत, डोक्यावर कायम पांढरी टोपी, बोलणं हळू. माझ्याशी बोलताना पुस्तकी मराठीचा प्रयत्न करायचे. मनात काही दाटून आलं की मात्र त्यांची खान्देशी बोली वर यायची. त्यांचं माशांशी काय नातं होतं हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. त्या वर्षी दुपारची वीज रोज चार-पाच तास जायची आणि टाक्यांत हवा सोडणारे छोटे पंप बंद पडायचे. एकदा मी अवेळी प्रयोगशाळेत गेले तर हे स्टुलावर उभे. मगानं टाकीतलं पाणी उचलायचं, हातभर उंचीवरून बारीक धार धरून परत टाकीत सोडायचं. एक टाकी झाली की दुसरी. “काय करताय?” म्हटलं, तर म्हणाले, “वारा घालतो, मॅडम.” वीज येईपर्यंत ते खाली बसत नसत.

ते मासे म्हणजे गप्पी. डास कमी व्हावेत म्हणून मलेरियावाले गावोगावच्या हौदांत सोडतात ते. मादी करड्या रंगाची आणि थोराड, नर तिच्या निम्म्यानं, पण शेपटीवर नारिंगी, निळे ठिपके. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. मी एक छोटा प्रकल्प घेतला होता. आमच्याकडच्या कापसावर जे औषध सर्रास मारलं जायचं, त्याचा अगदी थोडा अंश, ओढ्याच्या पाण्यात उतरेल इतकाच, काही टाक्यांत घालायचा. नुकती जन्मलेली पिल्लं त्यात थोडे दिवस ठेवायची, मग स्वच्छ पाण्यात हलवायची, आणि मोठी झाली की लांबी, वजन, मेलेल्यांची संख्या मोजायची. दुसऱ्या टाक्यांत पहिल्यापासून स्वच्छ पाणी. अडीच-तीन महिने मी मोजमापं घेतली. दोन्हीकडे लांबी सारखी, वजन सारखं, मेलेही जवळजवळ सारखेच. ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहून मी अहवालाचा कच्चा मसुदा केला.

त्या आठवड्यात उत्तमभाऊ टेबलाशी येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली. “मॅडम, तीन नंबरनी टाकीमाना नर नाचतस नही.”

गप्पीचा नर मादीसमोर आला की शेपटी आणि पंख पसरतो, अंग वाकडं करतो आणि थरथरतो. पुस्तकात त्याला प्रणयवर्तन म्हणतात, उत्तमभाऊ नाच म्हणायचे. मी मान वर न करता विचारलं, “आजारी आहेत का?”

“नाही. खातात. वजन बरोबर शे. पन मादी समोर शे, आन् ह्या नुसता फिरतस. पाच नंबरले बी तसंच. सावली पडस तरी पयतस नही.” वरून सावली पडली की एरवी मासे दडायला पळतात.

“उत्तमभाऊ, आपल्याला वजन मोजायचं होतं. नाच नाही.”

हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले. काही वाक्यं माणूस विसरत नाही, ती त्याच्यावर उगारली गेली म्हणून नव्हे, तर त्यानं दुसऱ्यावर उगारली म्हणून. त्यांनी टोपी घातली, “हो मॅडम,” म्हणाले. पंधरवड्यानं मी टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्यांनी त्या घासूनपुसून उन्हात पालथ्या घातल्या. तीन आणि पाच नंबरच्या टाक्यांतली पिल्लंच आधी औषधाच्या पाण्यात होती, हे त्यांना माहीत नव्हतं. ती नोंद माझ्या वहीत होती. मला माहीत होतं… आणि तरीही माझ्या डोक्यात काही हललं नाही.

दहाएक वर्षांनी पुण्याला एका उजळणी वर्गाला गेले होते. एका व्याख्यानात विषय निघाला तो असा. आपल्या शरीरात संप्रेरकं असतात, निरोप्यांसारखी. कुठल्या अवयवानं कधी काय करायचं, ते निरोप पोचवतात. काही कीटकनाशकं, काही प्लास्टिकमधली द्रव्यं या निरोप्यांचा वेश घेऊन शरीरात शिरतात, किंवा खऱ्या निरोप्याची वाट अडवतात. मोठ्या प्राण्यात त्याचा परिणाम पुष्कळदा ओसरतो. पण जीव अगदी कोवळा असताना, मेंदूची घडण चालू असताना चुकीचा निरोप पोचला, तर ती चूक घडणीतच राहते. पुढे प्राणी धडधाकट दिसतो. वजन बरोबर. फक्त तो वागायचं तसं वागत नाही. पिल्लांना जवळ घेत नाही, शत्रूला भीत नाही, जोडीदारासमोर… व्याख्याते इंग्रजीत बोलत होते आणि माझ्या कानात खान्देशी वाक्य वाजत होतं. ‘ह्या नाचतस नही.’

परतीच्या प्रवासात मला धुळ्यापर्यंत डोळा लागला नाही. कॉलेजात पोचल्यावर आधी प्रयोगशाळेत गेले आणि म्हटलं, “उत्तमभाऊ, तुम्ही तेव्हा ते नाचाचं म्हणाला होता… तुम्हाला आठवतं का?” त्यांनी रसायनांच्या कपाटामागे हात घातला आणि सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा काढला. जुन्या पुरवण्यांचे कोरे मागचे कागद. त्यावर पेन्सिलीनं टाकीचा नंबर, आणि पुढे उभ्या रेघा. रोज सकाळी खाणं टाकल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं, प्रत्येक टाकीसमोर. एका नाचाला एक रेघ. एक नंबरपुढे रेघांची दाटी. तीन नंबरपुढे कुठे एक, कुठे दोन, कुठे नुसता कागद. मी टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या त्या दिवशीच्या सकाळपर्यंत.

“तुम्ही मला दाखवलं का नाही हे?”

“तुम्ही म्हटलं, नाच मोजायचा नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. सांगितलेलं होतं ते सांगत होते.

आम्ही सगळा प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी नाचासाठीच. आठ टाक्या, चार औषधाच्या, चार स्वच्छ. कुठली कुठली हे मी माझ्या घरच्या डायरीत लिहिलं आणि उत्तमभाऊंना सांगितलं नाही. तसं न सांगण्यातच प्रयोगाचं सत्त्व असतं, हे त्यांना एका वाक्यात पटलं. “बरोबर शे. माहीत व्हयनं म्हंजे डोया खोटं बोलस,” म्हणाले. डोळा खोटं बोलतो! हे मी पुढे एम.एस्सी.च्या प्रत्येक वर्गात सांगितलं, ‘आमच्याकडचे एक जण म्हणायचे’ असं म्हणून. नाव सांगितलं नाही कधी. रेघा मारायला मान खाली घालावी लागते, तेवढ्यात एखादा नाच हुकतो, म्हणून त्यांनी घरून चिंचोके आणले. नजर टाकीवर, डावा हात वाटीत. एक नाच, एक चिंचोका. शेजारच्या वर्गात मुलं गोंधळ घालायची, बाहेर परीक्षा यायच्या-जायच्या, आणि हा माणूस पिल्लांना ठिपके फुटायच्या आधीपासून रोज आठ टाक्यांसमोर बसायचा.

डायरी उघडली त्या दिवशी त्यांनी आधी त्यांच्या मते औषधाच्या असलेल्या चार टाक्या बोटानं दाखवल्या. दोन, तीन, सहा, आठ. चारही बरोबर. मला आनंदानं काय करावं सुचेना. शिपायाला पाठवून मी शेव आणि जिलबी मागवली. उत्तमभाऊंनी जिलबीचा तुकडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. “मंजे पाणी नंतर सोच्छ केलं तरी…?” “तरी,” मी म्हटलं. “सुरुवातीचे दिवस गेले की मग नाही निघत ते.” ते टाकीकडे बघत राहिले. आपण बरोबर निघालो याचा आनंद नसलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला, पण मला वाटलं, संकोच असेल.

आठवड्याभरानं, उन्हाळी सुट्टी लागल्यावर, सामसूम दुपारी ते आले. तेव्हा कळलं.

“मॅडम, एक इचारू?… मनी रंजी आशी शे, ती तेनामुये का?”

त्यामुळे, म्हणजे फवारणीच्या औषधामुळे. रंजना चार वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. नंतर थोडे बोलली, ते घरच्यांपुरते. हाक मारली तर वळत नसे. कोणी जवळ घेतलं तर अंग ताठ करून उभी राही. खूप डॉक्टर झाले, धुळ्याचे, नाशिकचे. प्रत्येकानं वेगळं नाव सांगितलं. उत्तमभाऊ सांगत होते. रंजनाच्या जन्माआधीच्या हंगामात ते फवारणीला जात होते. पाठीवरचा पंप गळायचा, सदरा कमरेपर्यंत भिजायचा. बायको, लीला, पाच महिन्यांची गरोदर. रोज संध्याकाळी तो सदरा ती हातानं धुवायची. “वास जात नव्हता म्हणून दोन दोन वेळा धुवायची, मॅडम. मी म्हणायचो, चांगला धू.” लीलाबाई तेव्हा हयात नव्हत्या. हा प्रश्न त्यांनी बायकोला कधी विचारला नसणार, आणि आता विचारायला कोणी नव्हतं. मी होते.

मी शिक्षक आहे. मी शिक्षकासारखं उत्तर दिलं. मासा वेगळा, माणूस वेगळा. अशा मुलांमागे कितीतरी कारणं असतात, पुष्कळदा कारण सापडतच नाही. एका मुलीवरून काही ठरवता येत नाही. “तसं म्हणता येत नाही, उत्तमभाऊ.”

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हनता येत नही, का तसं नही शे? ह्या दोन येगळ्या गोष्टी शेतस ना?”

आयुष्यात मी अनेक तोंडी परीक्षा दिल्या, घेतल्या. याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारला नाही. आणि मला खोटं बोलता आलं असतं. ‘नाही हो, अजिबात नाही,’ असं म्हटलं असतं तर त्या माणसाच्या खांद्यावरचं काहीतरी त्या दुपारी खाली उतरलं असतं. पण ज्यानं डोळा खोटं बोलू नये म्हणून कुठल्या टाकीत औषध हे न कळणंच पसंत केलं होतं, त्याच्याशी खोटं बोलायचं कसं? “म्हणता येत नाही,” मी म्हटलं. “माहीत नाही.”

“मंग मी काय धरू?”

मी समोरची वही मिटली. पंखा घरघरत होता. ते उठले आणि टाक्यांत पाणी घालायला गेले.

त्या प्रयोगावरचा शोधनिबंध छापून आला, एका साध्याशा नियतकालिकात. लेखक म्हणून माझं एकटीचं नाव. शेवटी आभारात त्यांचं, ‘माशांची निगा राखल्याबद्दल’. निगा! तेव्हा मला ते रीतसर वाटलं होतं. परिचराचं नाव लेखक म्हणून घालायची पद्धत नव्हती, आणि मी पद्धत मोडणारी नव्हते. अंक दाखवला तेव्हा त्यांनी आपल्या नावावर पिवळं नख ठेवलं आणि विचारलं, “त्यामा ‘नाचतस नही’ असं लिखेल शे का?” मी म्हटलं, “लिहिलंय. ‘नरांच्या प्रणयवर्तनात लक्षणीय घट’.” “मंजे नाचतस नही.” “हो.” “मंग ठीक शे,” म्हणाले आणि हसले. त्यांचं ते हसू मला आज टोचतं. त्यांना स्वतःचं नाव कुठे आहे हे बघायचं नव्हतं, माशांचं खरं लिहिलंय की नाही एवढंच बघायचं होतं.

पुढे ते निवृत्त झाले, दोन वर्षांनी मीही. मी जळगावला आले. सणावाराला फोन व्हायचे. “रंजी बरी शे,” एवढं सांगायचे. तो प्रश्न पुन्हा कधी निघाला नाही. मी काढला नाही. मला वाटत राहिलं, ते विसरले असतील. सोयीचं होतं तसं वाटणं.

सहा आठवड्यांनी गुडघा वाकायला लागल्यावर मी त्यांच्या गावी गेले. कापूस गुडघाभर झाला होता, पातीवर, म्हणजे कळ्या धरायला, आला होता. घरात रंजना दाराआड उभी होती, आता तिशी ओलांडलेली, केस घट्ट विंचरलेली. “तू मला फोन केलास,” मी म्हटलं. तिनं पाहिलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि भिंतीशी जाऊन बसली. मी असेपर्यंत तिथून हलली नाही. तिची काकू, म्हणजे उत्तमभाऊंच्या धाकट्या भावाची बायको, मोकळी बोलणारी. तिच्याकडूनच मला निवृत्तीनंतरचे उत्तमभाऊ कळले.

गावात कोणाला दिवस गेल्याचं कळलं की ते त्या घरी जायचे. ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि घरच्या पुरुषांना सांगायचे, फवारणीचे कपडे घरात आणू नका, हिला धुवायला देऊ नका, तुमचे तुम्ही धुवा. लहान लेकरू असेल तिथेही तेच. पुरुषांनी कपडे धुवायचे, हे ऐकून गाव हसलं. त्यांना ‘मासावाला आबा’ म्हणायला लागलं. मग त्यांनी गावाबाहेर, विहिरीपासून लांब, आपल्या हातानं दोन बाभळीचे खांब पुरले, तार ओढली, एक सिमेंटची कुंडी ठेवली आणि पाणी मुरायला खड्डा खणला. पहिल्या वर्षी तार कोणीतरी तोडून नेली. त्यांनी दुसरी ओढली. तीही गेली, तिसरी ओढली. फवारणीच्या दिवसांत संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहायचे, येणाऱ्याला सदरा काढायला लावायचे. कोणी ऐकलं नाही तर त्याचे कपडे स्वतः धुवायचे. मग लाजेनं दुसऱ्या दिवशी तो धुवायचा.

“लोक विचारायचे ना त्यांना,” काकू म्हणाली, “आबा, ह्यानं खरंच काही व्हतं का? तुम्हाला पक्कं माहीत शे का?”

“मग? काय म्हणायचे?”

“म्हनेत, ‘माले माहीत नही, म्हनीसनच सांगस.’”

मला माहीत नाही, म्हणूनच सांगतो… मी तांब्यातलं पाणी प्यायले. त्या दुपारी प्रयोगशाळेत ‘माहीत नाही’ म्हणून मी थांबले होते. ते तिथून चालायला लागले होते. रंजनाच्या बाबतीत खरं काय ते मला आजही माहीत नाही, कोणालाच नाही, आणि त्यांना ते न कळताच जावं लागलं. याचं दुःख कमी होत नाही. पण ‘मी काय धरू’ याचं उत्तर त्यांनी माझ्यावाचून शोधलं होतं, आणि मला कळवायची त्यांना गरजही वाटली नव्हती.

एसटीला अवकाश होता. काकूनं सांगितलेल्या दिशेनं मी काठी टेकत गावाबाहेर निघाले. दोन खांब दिसले, तारेवर पाच-सहा सदरे, एक लुंगी. वाऱ्यानं हलत होते. जवळ जाऊन बघावं म्हणून मी पायवाट सोडली, तोच मागून हाक आली. “ओ ताई, तठून जाऊ नका! फवारनीना कपडा शेतस तठे.” वळून पाहिलं तर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक तरुण बाई. तिचे दिवस भरत आलेले दिसत होते. ती मोठा वळसा घालून, बांधाच्या पलीकडच्या वाटेनं चालली होती.

“तुला कोणी सांगितलं गं, इथून जायचं नाही म्हणून?”

तिला प्रश्नच कळला नाही. लग्न होऊन या गावात येऊन तिला वर्ष-दोन वर्षंच झाली असावीत. उत्तमभाऊंचं नावही तिला ठाऊक असेल की नाही कोण जाणे.

“सांगाले काय लागस?” ती थांबून म्हणाली. “आठे पहिलेपासून असंच शे.”

आणि मी माझ्यासाठी थांबलेल्या त्या मुलीमागून, वळशाच्या वाटेनं, हळूहळू चालायला लागले.